पडद्यावरची माणसे पोटासाठी काय करतात?

वार्षिक अंकासाठी प्रत्येकाने काहीतरी लिहून द्यावे, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. कविता मला जमत नाही. प्रवासवर्णन लिहावे तर माझा प्रवास कामशेत ते लोणावळा एवढाच, तोही लोकलचा. शेवटी मैत्रीण म्हणाली, "तू सिनेमावर लिही की. गाडीत रोज तेच तर सांगत असतेस." म्हणून हे धाडस केले आहे.

प्रथमच सांगते, मी समीक्षक नाही. संकलन, प्रकाशयोजना, कॅमेऱ्याचा कोन यांतले मला फारसे कळत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी चित्रपटावर चर्चा वगैरे कधी झाली नाही. झाले ते एवढेच, की आईने एक प्रश्न विचारायचा आणि मी चिडायचे.

आई लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात वड्या पाकिटात भरायला जाते. दिवसभर उभ्याचे काम. संध्याकाळी घरी आली की भाकरी थापता थापता टीव्ही पाहते. चित्रपट कोणताही असो, पंधरा-वीस मिनिटे झाली की तिचा प्रश्न ठरलेला. "पण ही माणसं पोटाला काय करत्यात गं?" नायक नायिकेच्या मागे डोंगरावर गात असतो आणि आईला त्याच्या पगाराची काळजी! मला राग यायचा. पण गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला 'उत्पन्नाचे साधन' हा शब्द फळ्यावर पाहिला आणि मनात आले, आई हेच तर विचारते. तेव्हापासून मीही प्रत्येक चित्रपटाला हाच प्रश्न विचारू लागले. ही कसोटी कशी चालते आणि कुठे अडते, तेवढेच या लेखात सांगायचे आहे.

सुरुवात जुन्यापासून करते. आजी सांगायची की तिच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. कनातीच्या आत मातीवर बसून तिने 'संत तुकाराम' पाहिला होता, आणि शेवटी बायाबापड्यांनी पडद्याला हात जोडले होते. हा चित्रपट पुण्याच्या प्रभात कंपनीचा, 1936 सालचा. दामले आणि फत्तेलाल हे दिग्दर्शक, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते आणि गौरीबाई जिजाई. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्या कामशेतावरून वाहणारी इंद्रायणीच पुढे देहूला जाते, म्हणून तो आम्हाला घरचाच वाटतो. पण मी तो मोबाईलवर पाहिला तेव्हा माझे लक्ष तुकोबांपेक्षा जिजाईकडेच गेले. नवरा अभंगांत रंगलेला, घरात दाणा नाही, पोर आजारी. ती चिडून पायताण घेऊन थेट विठ्ठलापुढे उभी राहते. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती घरातच राहते. भक्तिपट असूनही चुलीचा प्रश्न त्यात लपवलेला नाही. मला वाटते, म्हणूनच त्यातली भक्ती खरी वाटते.

आता 'शोले'. 1975 सालचा हा चित्रपट आवडत नाही असा माणूस मला भेटलेला नाही. पण आईच्या प्रश्नाने पाहिला तर गंमत होते. संबंध रामगढात कष्ट करून पोट भरताना ठळक दिसते ती टांगेवाली बसंती. गब्बरची माणसे धान्य न्यायला येतात, पण ते धान्य पिकवणारे हात क्वचितच दिसतात. मात्र एक गोष्ट लेखकांनी विसरू दिली नाही. आंधळ्या इमामसाहेबांचा मुलगा अहमद जबलपूरला बिडीच्या कारखान्यात नोकरी मिळणार म्हणून निघतो आणि वाटेत मारला जातो. आईला 'शोले'तले सर्वांत जास्त आठवते ते हेच. जयचे मरण नव्हे, अहमदचे. "कामाला चाललं होतं लेकरू," एवढेच ती म्हणते.

मराठीत व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (1972) आणि डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' हे दोन चित्रपट मी लागोपाठ पाहिले. दोन्हींत डॉ. श्रीराम लागू मास्तर आहेत आणि दोन्हींत निळू फुले आहेत. 'पिंजरा' हा 'द ब्लू एंजल' या 1930 सालच्या जर्मन चित्रपटावरून घेतलेला. आदर्श शिक्षक तमासगिरिणीच्या नादाने धुळीला मिळतो, ही त्याची कथा. गाणी सुरेखच आहेत. परंतु माझी एक तक्रार आहे. ती बाई नाचते ते पोटासाठी. तिच्या फडातल्या ढोलकीवाल्यापासून सर्वांची चूल त्यावर पेटते. चित्रपट मात्र मास्तरांच्या अधःपतनावर जितका हळहळतो, तितका त्या पोटावर हळहळत नाही.

'सामना' 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. साखर कारखान्याच्या जोरावर गावावर सत्ता गाजवणारे हिंदुराव आणि दारूत बुडालेले, एकेकाळी स्वातंत्र्याच्या चळवळीत असलेले मास्तर. मास्तर हिंदुरावांचे खातात, पितात आणि तरीही मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हे विचारत राहतात. आईचा प्रश्न इथे आणखी एक पाऊल पुढे जातो. माणूस पोटाला काय करतो एवढेच नव्हे, तर त्याच्या ताटातले कुणाच्या जिवावर आले, हेही हा चित्रपट विचारतो. माझ्या मते यासाठीच तो 'पिंजरा'पेक्षा मोठा आहे. हे मत काही प्राध्यापकांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

विनोदी चित्रपटाला ही कसोटी लावू नये, असे कोणी म्हणेल. उलट तिथे ती चांगली लागते. 'अशी ही बनवाबनवी' (1988) आमच्या घरी किती वेळा पाहिला याची गणती नाही. त्याची कथा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (1966) वरून घेतलेली आहे. चार तरुणांना पुण्यात राहायला खोली हवी, बिनलग्नाच्या मुलांना कोणी देत नाही, म्हणून दोघे बायकोचे सोंग घेतात. सगळे हसू उभे आहे ते भाड्याच्या खोलीवर. अशोक सराफांचा धनंजय माने सकाळी कामावर जातो, मालकिणीपुढे नरमतो, उधारी-उसनवारी सांभाळतो. अडचण खरी आहे म्हणून सोंग खपते. पुण्यात खोली शोधलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, तो आधी हसेल आणि मग उसासा टाकेल.

आपल्या तळेगाव दाभाड्याला राहिलेले गो. नी. दांडेकर यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्यांच्या 'पवनाकाठचा धोंडी' या मावळातल्या कादंबरीवर 1966 साली चित्रपट निघाला. त्यांच्याच 'जैत रे जैत'वर डॉ. जब्बार पटेलांनी 1977 साली चित्रपट केला. त्यात मोहन आगाशे आणि स्मिता पाटील ठाकर झाले आहेत. आपल्या घाटमाथ्याच्या आसपास ठाकरवाड्या आहेत, पण त्यांच्याकडे आपण किती पाहतो? या चित्रपटात कड्यावरचे मध काढणे हे जीव धोक्यात घालून करायचे काम आहे. नाग्याच्या प्रतिज्ञेची आणि चिंधीच्या प्रेमाची सारी गोष्ट त्या कड्याशी बांधलेली आहे. काम बाजूला काढले तर कथाच उरत नाही. हे मला फार मोलाचे वाटते.

नव्यांपैकी 'सैराट' (2016) घेते. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वर्गात सर्वांना आवडला तो पूर्वार्ध, म्हणजे गाणी, ट्रॅक्टर, बुलेट, विहिरीतल्या उड्या. आईला आवडला तो उत्तरार्ध. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्याचा परश्या हैदराबादला पळून जातात, झोपडीत राहतात, परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, आर्ची कारखान्यात कामाला लागते. घरी सर्व हाताशी मिळालेली मुलगी पगारावर जगायला शिकते. काहींना हा भाग रटाळ वाटतो. मला वाटते, प्रेम म्हणजे काय हे तिथेच कळते, आणि तो भाग आहे म्हणूनच शेवट इतका जिव्हारी लागतो.

आता आपल्या दाराशी येते. 'गुलाम' (1998) मधल्या आमिर खानच्या गाण्याने खंडाळ्याचे नाव देशभर झाले. पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांपैकी कितीतरी जण ते गाणे म्हणतच घाट चढतात. मजा आहे, माझी हरकत नाही. पण अशा गाण्यांतल्या खंडाळ्यात राहणारा माणूस नसतो. मक्याची कणसे भाजणारी बाई नसते, बंगल्याचे फाटक उघडणारा पहारेकरी नसतो.

तो पहारेकरी मी ओळखते, कारण ते माझे वडील आहेत. आजोबांच्या वेळी जी भातखाचरे आमची होती, त्यातली बरीचशी विकली गेली. पैसा आला, घर झाले, आत्याचे लग्न झाले, पैसा संपला. आज आबा एका बंगल्यावर फाटकाशी बसतात.

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (2018) हा याच गोष्टीवरचा चित्रपट. मुळशी म्हणजे आपला शेजारचा तालुका. धरणात जमिनी जातात म्हणून 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो तिथेच. चित्रपटात जमीन विकलेला बाप पुढे पहारेकरी होतो, मग कुटुंब पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला येते आणि मुलगा गुन्हेगारीत शिरतो. मोहन जोशींनी तो बाप केला आहे. आम्ही हा चित्रपट टीव्हीवर पाहत होतो. बाप पहारेकऱ्याच्या वेषात दिसला तेव्हा आबा काही न बोलता उठून बाहेर ओट्यावर गेले. आईने नेहमीचा प्रश्न त्या दिवशी विचारला नाही.

इतके खरे दाखवणाऱ्या चित्रपटाबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटेल, तरी करते. पूर्वार्धात त्याने जो प्रश्न मांडला, तो पुढे कोयत्यांच्या आणि पाठलागांच्या गर्दीत मागे पडतो. शेवट वाईट दाखवला आहे हे मान्य. पण टाळ्या पडतात त्या कोयत्यालाच, आणि आमच्याकडच्या मुलांनी मोबाईलवर ठेवले तेही तेच प्रसंग. जमीन गेलेल्या घरातले बहुतेक मुलगे गुंड होत नाहीत. ते डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहत उभे राहतात, ठेकेदाराकडे सहा-सात महिने काम करतात, मग दुसरा ठेकेदार शोधतात. माझा भाऊ त्यांच्यातलाच. त्याच्या जगण्यात पाठलाग नाही म्हणून त्याच्यावर चित्रपट नाही. मला तो पाहायचा आहे.

मी हे आबांना सांगितले. ते म्हणाले, "त्यात बघायचं काय? रोजच बघतोय की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही पुरते नाही.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही, हेही कबूल करते. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' (2023) पाहायला आईच्या बचतगटातल्या बाया टेम्पो करून गेल्या होत्या. त्या सहा बहिणींच्या अडचणी शहरातल्या, आमच्यापेक्षा बऱ्याच खात्यापित्या घरातल्या. मंगळागौरीची स्पर्धा हा काही पोटाचा प्रश्न नव्हे. मी म्हटले, आता आई विचारणार. पण ती परत आली ती डोळे सुजवून, हसत. म्हणाली, "आमीबी लग्नाआधी असंच फुगड्या घालायचो." तेव्हा समजले की माणसाला पोट आहे तसे आणखीही काही आहे, आणि चित्रपटाने त्यालाही हात घातला तर प्रश्न विचारायचे भान राहत नाही.

तरीपण वाचकांना एक विनंती आहे. पुढचा चित्रपट पाहाल तेव्हा मध्येच एकदा आईचा प्रश्न विचारून पाहा. ही माणसे पोटासाठी काय करतात? उत्तर मिळाले नाही म्हणून चित्रपट टाकाऊ ठरत नाही. पण पडद्याच्या कोपऱ्यात फाटक उघडून देणारा, चहा आणून ठेवणारा एखादा माणूस असतो, तो तुम्हाला दिसू लागेल. एकदा दिसला की मग तो बंगल्याच्या दारातही दिसतो.

काही चुकले असल्यास गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.