काचबंद पडवी
काचबंद पडवी : पडवी, सोपा अथवा सज्जा यांस काचेची तावदाने बसवून बंदिस्त केलेला, तापनाची सोय नसलेला घराचा भाग. पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत अशा पडव्या आढळतात. त्याच सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर कमी पावसाच्या पूर्व भागात येते. तेथील प्रश्न पावसाइतकाच हिवाळ्यातील थंड पहाटेचा व उन्हाळ्यातील तापाचा असतो.

काच सूर्यप्रकाश आत सोडते. परंतु तापलेल्या वस्तूंचे अवरक्त प्रारण अडविते. त्यामुळे दिवसा पडवी तापते. रात्री एकेरी काचेतून उष्णता झपाट्याने निघून जाते. निरभ्र आकाशाखाली छताची काच भोवतालच्या हवेहूनही थंड होते. २०° से. तापमानाच्या व ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सु. १४° से. असतो. स्वयंपाकघरातून अशी हवा पडवीत आली व काच त्याहून थंड असली, तर तीवर पाणी जमते. ते ओघळून चौकटीत मुरते, लाकूड कुजते व बुरशी वाढते. बुरशीची बीजुके दमेकऱ्यांस अपायकारक असतात.

दोन काचांमध्ये सु. १२ मिमी. निश्चल हवेचा थर ठेवल्यास काचेतून होणारा उष्णताव्यय जवळजवळ निम्मा होतो. छत व अर्धभिंत यांसाठी खनिज लोकर वापरतात. तिची औष्णिक संवाहकता विटेच्या सु. १/२० असते. मात्र भिजलेली लोकर निरुपयोगी होय.

थंड देशांत पॉलिथिनचा बाष्परोधक थर भिंतीच्या आतील, उबदार बाजूस देतात. तो नियम येथे जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. पावसाने भिजलेली भिंत आतूनही वाळावी लागते. पॉलिथिनमुळे ओल कोंडते. वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केल्यास हीच गत होते. जमिनीतील ओल केशाकर्षणाने वर चढते व गिलाव्यामागे साठते. चुन्याचा गिलावा बाष्प जाऊ देतो, म्हणून तोच श्रेयस्कर. महाबळेश्वरास पावसाळ्यापूर्वी भिंती गवताच्या तट्ट्यांनी झाकीत. पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच न देण्याची ही युक्ती कोणत्याही लेपाहून शहाणपणाची म्हणावी लागेल.

वायुवीजनासाठी खाली व छतालगत उघडझाप करता येणारी झडपे ठेवतात. हिवाळ्यात ती दुपारी उघडावीत आणि घर व पडवी यांमधील दार रात्री बंद ठेवावे. पडवीत ओले कपडे वाळत घालू नयेत. त्यांतील सर्व पाणी अखेर हवेत जाते. उन्हाळ्यासाठी चिकाचे पडदे काचेच्या बाहेरून सोडावेत. आतून सोडल्यास त्यांनी शोषलेली उष्णता पडवीतच राहते.