पेनांची आगोट

कातडी पाऊच, आत मखमल, वर झिप. फाउंटन पेनं जमवणाऱ्यांसाठी बाजारात मिळणारी ही देखणी सोय कोरड्या हवेच्या भरवशावर केलेली असते. महाड-पोलादपुरात ती जुलैत हात टेकते. सावित्रीच्या या खोऱ्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं. इथे ऐन पावसाळ्यात ती नव्वदीच्या आसपास असते. मग कातड्यावर पांढरी बुरशी, मखमलीला कुबट वास आणि क्लिपच्या मुलाम्याखालून डोकावणारी हिरवट जंग. इथे पेनांची पेटी घरी करायची तर पहिला प्रश्न पावसाचा. दिसण्याचं नंतर बघू.

या भागातल्या घरांत पेनं बहुतेक मुंबईहून आली. चाकरमान्याने गणपतीला येताना आणलेलं विल्सन, मास्तरांचं काळं जाडजूड एबोनाइटचं एअरमेल, शाळेतलं कॅमलिन, आणि एखादं पार्कर, जे वापरण्यापेक्षा खिशाला लावण्यासाठीच असायचं. संग्रह म्हणून कोणी ती जमवली नाहीत. टाकवली नाहीत, एवढंच. डब्यात, ट्रंकेत, देवघराच्या खणात साठत गेली.

लेखनसाहित्य जपण्याचा विचार मात्र या डोंगरांत जुना आहे. शिवथरघळ महाड तालुक्यातच. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. समर्थांनी इथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. देशोदेशींचे बोरू आणावेत, शाईचा साठा करून ठेवावा इथपासून ते पोथ्यांसाठी बासनं, मेणकापडं, पेट्या आणि कुलपं हवीत इथपर्यंत त्यात सांगितलं आहे. लोक हा समास वळणदार अक्षरासाठी वाचतात. मला त्यातलं मेणकापड जास्त बोलकं वाटतं. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळत असतो. तिथे लिहायला बसणाऱ्याला मेणकापड आठवणारच. हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

मेणकापडाच्या जागी आज झाकणाला रबरी कडा असलेला हवाबंद डबा मिळतो. पेनं त्यात टाकून मोकळं व्हावं, तर पेनंच आड येतात. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून शिजवलेलं रबर. उजेड आणि दमट हवा लागली की ते काळ्याचं तपकिरी पडतं आणि त्यातून सुटणारं गंधक शेजारच्या चांदीला काळं करतं. सेल्युलॉइडचं दुखणं वेगळं. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापराचं. जुनं झालं की त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात. कोंडल्या तर त्या त्याच पेनाला आणखी वेगाने खातात आणि शेजाऱ्यालाही धरतात. जुन्या पेनांच्या पोटातल्या रबरी पिशवीची वाफसुद्धा फिकट सेल्युलॉइडला डाग पाडते. म्हणजे पावसासाठी पेटी बंद हवी आणि सेल्युलॉइडसाठी उघडी. घरच्या पेटीची सगळी कारागिरी या भांडणात आहे.

लाकूड जुनं घ्यावं. नवा प्लायवूड आणि एमडीएफ महिनोन्‌महिने आम्लाच्या आणि फॉर्माल्डिहाइडच्या वाफा सोडत राहतात. पाडलेल्या घराच्या खिडकीचं किंवा कपाटाचं सागवान पुरतं वाळलेलं असतं, रंध्याखाली सरळ चालतं, आणि वाळवीही त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पेन साधारण १३ ते १५ सेंटिमीटर लांब असतं; खणाची आतली लांबी १६ ठेवली की बोटाने उचलायला जागा उरते.

खाचांसाठी लोक प्लास्टिकचा पाइप उभा चिरतात. काम झटपट होतं, पण पीव्हीसी पेनाजवळ नको. त्यापेक्षा बांबू. पेनाहून जरा रुंद पोकळी असलेलं कांडं कोयत्याने मधोमध चिरलं की दोन आयत्या पन्हळी मिळतात. फक्त बांबू आधी काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा. त्यातलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगा लागत नाही. बुरूडकाम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आपल्यालाच घाई असते.

अस्तराला मांजरपाट, दोनदा उकळून धुतलेलं. लोकर आणि फेल्ट नको, त्यातही गंधक असतं. फोम तर नकोच, काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. कापड चिकटवायलाही नको. खळ लावली तर कसर येते आणि पांढऱ्या डिंकातून आम्लाची वाफ सुटते. पातळ पट्टीखाली दाबून पितळी चुका मारल्या की पुरे. कापड काढून धुताही येतं. आणि डांबरगोळी पेनांच्या आसपास फिरकू देऊ नये. तिची वाफ काही प्लास्टिकं चक्क मऊ करते.

आता ते भांडण. त्यावर कोकणात तयार असलेला उपाय म्हणजे आगोट. पावसाळ्याआधी तांदूळ, मसाला, सुकी मासळी भरतात, तशी मेअखेर पेनांची आगोट करायची. सगळी पेनं साध्या पाण्याने धुवायची. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उडतो. शाईचा थेंब आत राहता कामा नये. दोन-तीन दिवस सावलीत वाळवून लाकडी खण हवाबंद डब्यात ठेवायचा, सोबत मूठभर सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करता येतात. आत छोटा आर्द्रतामापक ठेवला आणि काटा ५० च्या आसपास राहिला की निश्चिंत. सेल्युलॉइडची पेनं या डब्यात नाहीत. ती वेगळ्या, भोकं पाडलेल्या लाकडी पेटीत, रोज वावर असलेल्या खोलीत, आणि आठवड्यातून एकदा हातात घ्यायची. वापरातलं पेन पेटीबाहेर, निब वर करून.

डबा कुठे ठेवायचा हे महाडात वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात शहरातले तळमजले बुडाले. पेटी वरच्या मजल्यावर हवी आणि तिला धरायला कडी हवी, एका हाताने उचलता येईल अशी. मोठी, जड, काचेच्या झाकणाची पेटी बैठकीत शोभते, पण रात्री पाणी चढू लागलं की ती कोण उचलणार?

दसऱ्याला डबा उघडायचा. एकेक पेन वास घेऊन, बोटाने चाचपून बघायचं. उग्र वास, चिकटपणा किंवा टोपणाच्या पट्टीशी हिरवी कड दिसली तर ते त्याच दिवशी बाकीच्यांतून बाहेर. उरलेली पाटीपूजनाला मांडावीत, पण टोपण लावून, आणि कुंकू टोपणालाच. निबच्या फटीत गेलेली चिमूट काढायला पुन्हा सगळं पेन खोलावं लागतं.