डिस्कस मासा आणि त्याचे हिरवे घर

घरात काचेची पेटी आणून तीत मासे सोडण्याची हौस आपल्या शहरांतून पुष्कळ आढळते. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी तर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांना नाक लावूनच या हौसेचा पहिला धडा घेतला. परंतु हौस जितकी मोठी तितके माशांचे आयुष्य तोकडे, असाच बहुतेक घरांचा अनुभव आहे. मासे मेले की आपण दोष कधी दुकानदाराला देतो, कधी खाद्याला. खरा दोष बहुधा पाण्याचा असतो. आणि पाण्याची परीक्षा डिस्कसइतकी कडक घेणारा दुसरा मासा क्वचितच सापडेल.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाचा योहान नाटेरर १८१७ ते १८३५ या काळात ब्राझीलमध्ये प्राणी गोळा करीत हिंडत होता. त्याने पाठविलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या हेकेल याने १८४० साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. बाजूने पाहावे तर ताटलीसारखा वाटोळा, समोरून पाहावे तर हातातल्या पोथीसारखा चपटा. पूर्ण वाढलेला मासा सहा-सात इंचांचा होतो. त्याच्या मूळ नद्यांत पाणी संथ, उबदार, किंचित आम्ल आणि क्षारांच्या दृष्टीने जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखे असते. त्यातल्या एका नदीचे नावच रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी. कुजणाऱ्या पानांचा अर्क उतरून तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते.

आता या माशासाठी वनस्पतींसह घर कसे उभारावे, हे पाहू. वनस्पती आणि मासे यांच्या सहवासाचा विचार प्रथम पद्धतशीरपणे मांडला तो लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने, १८५० साली. त्याने एका पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पतीने घ्यावा आणि उजेडात प्राणवायू परत द्यावा, अशी ही योजना. पण काही दिवसांनी झडलेली पाने कुजू लागली व पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या; त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पात्र पुन्हा निर्मळ झाले. म्हणजे दोघांचा संसार चालेना, तिसरा भिडू लागला.

वॉरिंग्टनला न दिसलेला चौथा भिडूही तेथे होता. तो म्हणजे सूक्ष्म जीवाणू. मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. हा माशाला विषासमान. जीवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइट बनवितो. तेही विषारीच, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट बनवितो. हे पुष्कळच सौम्य असून वनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडते. हे जीवाणू वाळूच्या कणांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करून राहतात, आणि त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

हे मला पुस्तकातून कळले नाही, नुकसान सोसून कळले. माझ्या पहिल्या पेटीत मी रविवारी पाणी भरले आणि सोमवारी चार डिस्कस आणले. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ होते. पाचव्या दिवशी मासे काळवंडले, अन्न सोडून कोपऱ्यात तोंड करून उभे राहिले. पंधरवड्याच्या आत एकच उरला. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

यावर उपाय सोपा आहे. दूध तापवून नुसते ठेवले तर दही होत नाही. विरजण लावावे लागते व थांबावे लागते. तसेच येथे. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर तेच विरजण. गाळणी चालू ठेवावी, माशांविना पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि रंग बदलणाऱ्या थेंबांच्या चाचणीने पाणी तपासावे. रोज खाद्य पडत असूनही अमोनिया व नायट्राइट आठवडाभर शून्य राहिले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे घर तयार झाले असे समजावे.

पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच असावी. तीत सुमारे ३४० लिटर पाणी मावते. म्हणजे काच, वाळू धरून वजन चारशे किलोंच्या पुढे जाते. तेव्हा ती भक्कम चौकटीवर, भिंतीलगत आणि थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी. तळाशी दोन-तीन इंच धुतलेली वाळू घालावी. दगड घालायचा तर त्यावर आधी व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे व तो पाणी जड करील. आपल्याकडचा काळा पाषाण बहुधा या परीक्षेस उतरतो. उकळून घेतलेले लाकडाचे खोड मात्र अवश्य ठेवावे; माशांना त्याचा आडोसा वाटतो.

येथे खरी अडचण सुरू होते. डिस्कसला पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस लागते, आणि बहुतेक पाणवनस्पतींना २४-२५ अंश मानवते. शिवाय पाणी जितके ऊन तितका त्यात प्राणवायू कमी: २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसात. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेऊ लागतात. म्हणून तडजोड करावी. पाणी २८-२९ अंशांवर ठेवावे, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा, दिवा आठ तासांहून अधिक लावू नये आणि ऊब सोसणाऱ्या वनस्पतीच निवडाव्यात. ॲमेझॉन स्वोर्ड म्हणजे एकिनोडोरस ही माशाच्याच मुलखातली. आफ्रिकेतली अनुबियास खोडाला बांधली तरी जगते. क्रिप्टोकोरिनही चालते. तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. पण त्या ओढ्यातून उपटून आणू नयेत, रोपे विकतच घ्यावीत. मध्यभागी मोकळे पाणी ठेवावे, म्हणजे माशांना फिरता येते व तळ झाडता येतो.

पुण्याच्या थंडीत हीटर लागतोच. एकच तीनशे वॉटचा घेण्यापेक्षा दीडशेचे दोन घ्यावेत. एक बिघडला तरी मासे गारठत नाहीत वा उकडून निघत नाहीत. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी, हे सांगायलाच हवे. आणि वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. प्राणवायू तुटला तर माशांबरोबर गाळणीतले जीवाणूही मरतात.

आठवड्यातून दोनदा पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो मारक औषधाने घालवावा, आणि नवे पाणी पेटीइतकेच उबदार करून मग ओतावे. पाणी आम्ल करण्याच्या भरीस मात्र नवख्याने पडू नये. आज विकले जाणारे बहुतेक डिस्कस मत्स्यपैदास केंद्रांत वाढलेले असून साध्या पाण्याला सरावलेले असतात. त्यांना अस्थिरता अधिक बाधते. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीएच सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून बोअरचे पाणी वापरणाऱ्याने अधिक जागरूक राहावे.

मासे आणताना दोन आणू नयेत; बळकट दुबळ्याला छळून मारतो. सहा आणावेत, म्हणजे मारकुटेपणा वाटला जातो. प्रत्येकी पन्नास लिटर हा हिशेब आपल्या पेटीत बरोबर बसतो. आधी ऊब सोसणारे लहानसे कार्डिनल टेट्रा सोडावेत, ते तीन आठवडे सुखरूप राहिले की मग डिस्कस. दुकानात तो खाताना पाहूनच घ्यावा. डोळे स्वच्छ, डोक्यावरचा भाग भरलेला आणि अंगाच्या मानाने डोळा लहान, ही निरोगीपणाची लक्षणे. खाद्य थोडे थोडे, दिवसातून दोन-तीनदा द्यावे. उरलेले काढून टाकावे.

एवढे सगळे करून पदरात काय पडते? वर्षा-दीड वर्षाने कधीतरी त्यांतली एक जोडी जमते व पानावर अंडी घालते. पिल्ले पोहू लागली की ती सरळ आईबापांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवर पाझरणारा स्राव खातात. अमेरिकेतील हिल्डमन या शास्त्रज्ञाने १९५९ साली या विलक्षण संगोपनाचे वर्णन प्रसिद्ध केले. एक थकला की अंगाला झटका देतो, आणि पिल्लांचा घोळका दुसऱ्याच्या अंगावर जातो. पिल्ले जगोत वा न जगोत, हे दृश्य ज्याने घरी पाहिले, त्याला सहा आठवड्यांची प्रतीक्षा जड वाटली असे मला तरी आढळले नाही. तेव्हा ज्यांना ही हौस करायची आहे त्यांनी पेटी आज भरावी, आणि मासे सावकाश आणावेत.