स्क्रू बसवायला काय लागतं?

हाडात भोक पाडायचं, टायटॅनियमचा स्क्रू फिरवायचा, वर टोपी चढवायची. दोन दिवसांच्या वर्कशॉपात येऊन जातं. दाताच्या इम्प्लांटबद्दलचा हा समज पेशंटचा नव्हे, बऱ्याचदा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा असतो. कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ, सांगलीचं भारती विद्यापीठ, कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय... कुठेही शिकला, तरी हा समज सोबत येतोच.

प्लास्टिकच्या जबड्यावर हात खरंच लवकर बसतो. अडतं ते त्याआधी. दात नेमका कुठे येणार, समोरच्या दाताशी कसा चावणार, हे आधी ठरतं आणि त्यावरून स्क्रूची जागा व तिरपेपणा. मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर मोजमाप: खालच्या जबड्यातल्या नसेपासून किमान 2 मिलिमीटर दूर राहायचं, वरच्या जबड्यात सायनस सांभाळायचं. शिवाय हाड भाजतं! 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवलं. म्हणून धारदार ड्रिल, सलाइनची अखंड धार आणि थांबत थांबत काम.

‘बीडीएसला इम्प्लांट शिकवतच नाहीत’ हेही खरं नाही. भारतीय दंत परिषदेच्या 2007 च्या अभ्यासक्रमात हा विषय आहे. मात्र त्याचा भर पुस्तकी ज्ञानावर. पेशंटवरचं खरं काम पुढे, पदव्युत्तर एमडीएसला. आणि दवाखान्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, इम्प्लांटची वेगळी एमडीएस शाखा भारतात नाही. कृत्रिम दात, हिरड्या आणि जबड्याची शस्त्रक्रिया या तीन विभागांत मिळून ते शिकवलं जातं.

मधुमेह असला की इम्प्लांट नाही, असं अनेकजण धरून चालतात. साखर आटोक्यात असेल तर बहुतेकांना ते बसवता येतं. कराड-सांगलीच्या भागात खरी अडचण तंबाखूची, कारण तिने रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड नीट धरत नाही.

“आजी, तंबाखू खाता का?”

“न्हाई बाबा.”

“आणि मशेरी?”

“ती लावती की रोज सकाळी.”

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. केसपेपरवर पहिल्या उत्तराशी थांबलेला विद्यार्थी इथेच चुकतो.

‘एकदा बसवला की जन्माची काळजी मिटली’ या समजाला मात्र आधार आहे. स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रेनमार्क यांना 1952 मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम पक्कं बसलेलं आढळलं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पेशंटला इम्प्लांट बसवले आणि ते 2006 मध्ये लार्सन वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, टिकले. पण सगळेच लार्सन नसतात. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी सुजते, हाड झिजतं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

शिकवण्यातली खरी गोची इथे आहे. इंटर्नशिप एक वर्षाची, एमडीएस तीन वर्षांचं आणि हाडाची झीज दिसायला कधी कधी त्याहून जास्त काळ जातो. स्क्रू बसवणारा विद्यार्थी तोवर पास होऊन, कोरेगावला नाहीतर तासगावला दवाखाना थाटून बसलेला असतो. त्यामुळे जुन्या पेशंटला तपासणीला बोलावून, स्क्रू बसवला तेव्हाचा एक्स-रे आणि आजचा शेजारी शेजारी लावून हाड किती उतरलं ते पुढच्या बॅचकडून मोजून घेणं, हा तास नव्या ड्रिल मशीनच्या प्रात्यक्षिकापेक्षा जास्त कामाचा.