डी मेलो चषक

क्रिकेटमधील चषकांना नांवें बहुधा नामांकित खेळाडूंचीं दिलीं जातात. भारतांत होणाऱ्या भारत-इंग्लंड कसोटी मालिकेसाठीं 1951 सालीं जो चषक ठेवण्यांत आला, त्यास मात्र एका व्यवस्थापकाचें नांव लाभलें. अँथनी डी मेलो हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पहिले चिटणीस व पुढें अध्यक्ष. मुंबईचें ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें, त्यांत त्यांचा मोठा वाटा होता. असलीं कामें धावफलकावर दिसत नाहींत. म्हणून हा मान उचितच म्हटला पाहिजे.

चषकाच्या पहिल्या मालिकेकडे कोल्हापूरकरांनीं आपुलकीनें पाहावें, असें कारण होतें. भारताचे कर्णधार विजय हजारे हे शेजारच्या सांगलीचे. आणि अष्टपैलू दत्तू फडकर यांचा तर जन्मच कोल्हापूरचा, 1925 सालचा. हजारे यांनीं दिल्लीस नाबाद 164 व मुंबईस 155 धावा काढल्या. फडकरांनीं कलकत्त्यास 115. तरीही तिन्ही सामने अनिर्णित राहिले आणि कानपूरला तर भारताचा पराभव झाला. 1932 पासून 24 कसोटी सामने होऊन गेले होते, पण विजय एकही नव्हता.

पांचवा सामना मद्रासला 6 फेब्रुवारी 1952 रोजीं सुरू झाला. त्याच दिवशीं राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची वार्ता आली व दुसरा दिवस विश्रांतीचा ठरला. विनू मंकड यांनीं पहिल्या डावांत 55 धावांत 8 गडी टिपले. इंग्लंडचा डाव 266 वर आटोपला. पंकज रॉय 111, उम्रीगर नाबाद 130 आणि फडकर 61 यांच्या बळावर भारतानें 9 बाद 457 वर डाव सोडला. दुसऱ्या डावांत मंकड यांनीं आणखी 4 गडी घेतले आणि भारत एक डाव व 8 धावांनीं विजयी झाला. हटन, कॉम्प्टन हे बडे खेळाडू इंग्लंडच्या संघांत आले नव्हते हें खरें. पण वीस वर्षें वाट पाहणाऱ्यांस त्याचें काय!

मालिका मात्र 1-1 अशी बरोबरींत सुटली. मालिकाविजय लाभला तो 1961-62 सालीं, नरी काँट्रॅक्टर यांच्या नेतृत्वाखालीं, 2-0 असा. इंग्लंडमधील मालिकांसाठीं 2007 पासून निराळा पतौडी चषक होता. 2025 सालीं दोहोंच्या जागीं अँडरसन-तेंडुलकर चषक आला. त्याचीही पहिली मालिका 2-2 अशी बरोबरींतच संपली.