आरशासमोर (भाग ६) : चोवीस ब्रशांच्या संचातले चार

मागच्या भागात फाउंडेशनची छटा मानेच्या रंगाशी जुळवून कशी घ्यायची ते पाहिलं. आता प्रश्न येतो तो लावायचं कशानं याचा. बाजाराकडे त्याचं उत्तर तयार असतं: चोवीस ब्रशांचा संच, गुलाबी दांड्या, वर झिपची पिशवी, किंमत पाचशेच्या आत. तुळशीबागेत असो की मोबाइलवरच्या सेलमध्ये, मनातल्या मनात भागाकार होतोच. एक ब्रश वीस रुपयांना पडला! पण त्या चोवीसांतले निम्मे एकमेकांची जुळी भावंडं असतात आणि दोन-तीन कशासाठी आहेत हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. रोजच्या चेहऱ्याला चार ब्रश पुरतात. तेवढेच सुटे घ्या आणि संचाचे पैसे त्यांत घाला.

ब्रशची किंमत कुठे मुरते? दांडीत फारशी नाही, केसांच्या टोकांत. प्राण्याचा केस मुळाशी जाड आणि टोकाशी निमुळता असतो; ते टोक शाबूत राहिलं तर स्पर्श मऊ लागतो. जपानच्या हिरोशिमा प्रांतातलं कुमानो हे गाव सुलेखनाच्या ब्रशांसाठी प्रसिद्ध. मेकअपचे ब्रश तिथे नंतर आले. तिथले कारागीर केसांची टोकं लाकडी साच्यात बसवून ब्रशच्या डोक्याला आकार देतात, टोकांना कात्री लावत नाहीत. २०११ साली जपानच्या महिला फुटबॉल संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारनं खेळाडूंना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले. आपल्याकडच्या स्वस्त ब्रशात बहुतेक वेळा उलट घडतं. केसांचा जुडगा बांधतात आणि मग वरून छाटून गोलाई आणतात. छाटलेलं टोक बोथट असतं, म्हणून तो ब्रश दिसायला गुबगुबीत असूनही गालाला टोचतो.

कुमानोचा ब्रश आपल्या खिशाला परवडणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. नायलॉन आणि पीबीटी या कृत्रिम धाग्यांची टोकं आता कारखान्यातच निमुळती करता येतात. प्राण्यांच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पावडर चांगली धरून राहते. कृत्रिम धागा गुळगुळीत असतो, त्यामुळे क्रीम किंवा द्रव फाउंडेशन तो पिऊन टाकत नाही, धुवायला सोपा जातो आणि लवकर वाळतो. खारीच्या किंवा उत्तम बकरीच्या केसांचा ब्रश पावडरसाठी अजूनही सरस, यात वाद नाही. पण दोन-तीनशे रुपयांत ‘नॅचरल हेअर’ म्हणून जे मिळतं ते बहुधा राठ असतं, गळतं आणि पहिल्या धुण्यात वास मारतं. या किमतीत माझं मत सरळ कृत्रिम धाग्याला. आणखी एक: कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश पुढे केला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे.

दुकानात ब्रश हातात मिळत असेल तर लाजू नका. आधी तो अंगठ्यानं दाबून पंख्यासारखा पसरवा आणि सोडा. केस पुन्हा जागेवर आले पाहिजेत. मग चिमटीत धरून हलकेच ओढा. एखाददुसरा सुटा केस निघाला तर चालेल, पाच-सहा निघाले तर परत ठेवा. दांडी आणि केस यांना जोडणारी धातूची नळी हलवून बघा, ती खुळखुळली तर आतला गोंद आजच सुटलेला आहे. शेवटी गालावर नव्हे, पापणीच्या कातडीवर टोक टेकवा. हाताच्या पंजाला मऊ वाटणारा ब्रश तिथे खरं बोलतो. ऑनलाइन घेताना यातलं काहीच करता येत नाही. म्हणून आधी एकच सुटा ब्रश मागवून पाहा, आणि खरेदीदारांनी टाकलेले धुतल्यानंतरचे फोटो शोधा.

आता ते चार. सर्वांत जास्त पैसे डोळ्यांच्या ब्लेंडिंग ब्रशवर घाला. पापणीच्या घडीत रंग विरघळवणारा हा सैल, निमुळता ब्रश. केस साधारण दीड सेंटिमीटरचे. स्वस्त आयशॅडोसुद्धा चांगल्या ब्लेंडिंग ब्रशनं बरी दिसते. महागडी आयशॅडो वाईट ब्रशनं ठिगळासारखी बसते. डोळे लहान किंवा पापणी झुकलेली असेल तर डोकं छोटं निवडा, नाहीतर रंग भुवईपर्यंत पोचतो. दांडी अगदी शेवटाला धरली की दाब आपोआप कमी होतो. दुसरा, पापणीवर रंग बसवणारा चपटा, घट्ट ब्रश. हा स्वस्तातला चालतो. तिसरा, पावडर आणि ब्लश दोन्हीला पुरेल असा मध्यम आकाराचा फुगीर ब्रश. प्रचंड मोठा घेऊ नका, त्यानं ब्लश कानापर्यंत पसरतो. चौथा, तिरक्या टोकाचा बारीक ब्रश; तोच भुवयांना आणि तोच जेल लायनरला, मध्ये धुऊन. फाउंडेशनचा ब्रश यादीत नाही, कारण बोटं आणि ओला स्पंज हे काम छान करतात. काजळ पसरवायला कापसाची काडी पुरेशी आहे.

लायनरच्या ब्रशाबाबत एक आडवाट आहे: चित्रकलेच्या साहित्याचं दुकान. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनपासून इतर अनेकांपर्यंत सगळ्यांचे शून्य नंबरचे गोल कृत्रिम ब्रश तिथे असतात, बहुधा मेकअपच्या ब्रशाहून स्वस्त. टोक टिकावं म्हणून नव्या ब्रशच्या केसांना डिंक किंवा खळ लावलेली असते. ती कोमट पाण्यानं पूर्ण काढून टाका. मुलांच्या पेटीतला रंग लागलेला ब्रश मात्र डोळ्यापाशी कधीच नको.

ब्रश स्वस्त असो की महाग, धुतला नाही तर पैसे वाया. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना सात ते दहा दिवसांतून एकदा धुवायला सांगते. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, टोक खाली. पाणी धातूच्या नळीत शिरलं की गोंद विरघळतो आणि केस झडायला लागतात, म्हणून ब्रश पेल्यात उभा वाळवायचा नाही. टेबलाच्या कडेला आडवा, केस बाहेर ठेवून वाळवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात जाड ब्रश वाळायला दोन दिवस घेतात. ओलसर ब्रश झिपच्या पिशवीत कोंबला तर बुरशी ठरलेली. पंख्याखाली ठेवा, आणि कुबट वास आला तर मोह न धरता फेकून द्या.

पुढच्या भागात आयशॅडो. तोवर घरात पडलेला जुना संच बाहेर काढा, कोणते ब्रश खरंच हाताशी येतात ते बघा, आणि फक्त तेवढे धुऊन ठेवा.