शोभा मांडवाची, गोडी संसाराची

मंडळी, यंदा तुमच्या घरी कार्य आहे ना? मांडव देखणा हवाच. दारी केळीचे खुंट, आंब्याच्या डहाळ्या, शेतातल्या झेंडूच्या माळा. याहून शोभिवंत ते काय? पण त्यासाठी कर्ज नको. अंगची हळद चार दिवसांत उतरते, हप्ते मात्र नव्या जोडप्याच्या मानेवर बसतात.

१८७३ साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापला. त्याच वर्षी त्या पद्धतीचे पहिले लग्न पुरोहितावाचून, अगदी साधेपणाने लागले. त्या विधीत वधूवर एकमेकांना वचन देतात.

वचन पाळायचे ते रोजच्या संसारात. एकाने धार काढावी, दुसऱ्याने चूल पेटवावी. बाजाराचा हिशेब दोघांनी मिळून करावा. सूनबाई, जावईबापू, खरा आहेर हाच!